आता घरात एकही केस नाही

३ फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. भिंगरीचा श्वास निम्म्या वाटेतच सैल झाला. घरी आल्यावर तिनं जेवायला बसण्यावरून भांडणही केलं, म्हणजे बाईसाहेब बऱ्या आहेत असं समज. पण शनिवारी दुपारी तुझ्या दिवाणावर बसून ती शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत होती, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. औषधांच्या दुकानात मी रोज दहा जणांना श्वासाचा पंप देते, कसा ओढायचा ते दाखवते. आणि माझ्याच पोरीच्या वेळी मला पंपाचं झाकणही काढता येईना. डॉक्टर म्हणाले, ज्या घरात गेली होती तिथे केसाळ जनावर असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

तुझा ढग्या गुणी कुत्रा आहे, मान्य. पण तो गळतो, आई. इथे येऊन पिशवी उघडली तर तुझ्या जावयांचा काळा स्वेटर पांढरा झालेला. सासूबाईंनी नवा विणून दिला की काय, असं मला विचारत होते.

म्हणून सोबतचं खोकं पाठवते आहे. हातात धरायचा व्हॅक्यूम आहे. वायर नाही, चार्ज करून ठेवायचा. भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढं वजन. टोकाला चपटी नळी लावली की दिवाणाच्या फटीतले केस निघतात, आणि छोटा फिरता ब्रश लावला की गादीवरचे आणि उशांवरचे. डबा रोज रिकामा करायचा. आतली जाळी आठवड्याला धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही. आवाज चांगलाच मोठा आहे, तेव्हा दुपारी वरच्या शिंपीणबाई पडलेल्या असताना लावू नकोस.

आणि फोन घेत जा, हे किती वेळा सांगू? ‘बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आता पुरे,’ हे तुझं उत्तर मला पाठ झालंय. असो. पत्र तर पत्र.

माया आहेच, तिच्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
छबू


१२ फेब्रुवारी

चि. सौ. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं खोकं पोचलं. उघडताना वाटलं, केस वाळवायचं यंत्र पाठवलंस की काय. म्हटलं, या वयात आता कुठे नटायचं! मग तुझं पत्र वाचलं आणि कळलं की केस माझे नव्हेत, ढग्याचे.

यंत्र फार गुणी निघालं. तू उगाच घाबरवलंस, आवाज म्हणून नाही त्याला. परवा तर चालू आहे की बंद तेच कळेना, हाताला थरथर लागली तेव्हा समजलं. ढग्याला मात्र त्याचं काय वाकडं आहे कोण जाणे. मी ते खुंटीवरून काढलं की हा पलंगाखाली, थेट भिंतीला टेकून. शिंपीणबाईही काल जिना उतरून आल्या आणि हातवारे करून म्हणाल्या की जरा बेतानं घ्या. त्यांना हल्ली कशाचाही त्रास होतो.

पहिल्या दिवशी दिवाण, दोन्ही खुर्च्या आणि पडद्यांची खालची कड केली. डबा तीन वेळा भरला. एवढे केस निघाले की त्यात आणखी एक पिल्लू बसलं असतं. दिवाणाच्या फटीत तुझ्या बाबांची पेन्सिल सापडली, त्यांनी चावलेली. ती मी धुवून ठेवली आहे. त्यांनी ढग्याला वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं ते आठवतं का तुला? मुठीएवढा होता. दोन वर्षांनी ते गेले, आणि हा मात्र दिवाणभर वाढला.

तेव्हा काळजी सोड. मी आता दिवसातून तीनदा यंत्र फिरवते. तुझ्या लेकीला घेऊन ये. जमिनीवर जेवायला वाढलंस तरी चालेल इतकं घर लख्ख आहे.

जावईबापूंना म्हणावं, दुसरा स्वेटर हवा असेल तर मापं पाठवा, लोकर तयार आहे.

आठवण काढत जा, मी काढतेच.

तुझी,
आई


२ मार्च

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी तू केलेल्या मेहनतीबद्दल. रविवारी मी दिवाणावरून मुद्दाम हात फिरवून पाहिला, एक केस लागला नाही. ढग्यालाही तू दिवसभर मागच्या अंगणात ठेवलंस. तो दाराच्या फटीला नाक लावून बसला होता, ते पाहून मलाच कसंतरी झालं.

पण आई, उपयोग झाला नाही. आम्ही घरी आलो आणि सोमवारी सकाळी भिंगरीला तिच्या खोलीत पुन्हा धाप लागली, गेल्या वेळेपेक्षा वाईट. ओठ निळसर पडले होते. दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. तोंडावर मास्क लावलेला, आणि ती मला डोळ्यांनी विचारत होती की हे कधी काढणार. मला तिथे उभं राहवेना.

आता मी जे लिहिते आहे ते मला आवडत नाही, तरी लिहिते. केस निघाले तरी जनावराच्या अंगाचा कोंडा राहतोच, तो डोळ्यांना दिसत नाही. ढग्या घरात आहे तोवर मी भिंगरीला तुझ्याकडे आणू शकत नाही. एक तर ढग्या राहील, नाहीतर नात येईल. तूच ठरव. बाबांचे मित्र, ते रोपवाटिकावाले काका, त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. बसनं पाऊण तासावर आहे, तुला कधीही जाऊन भेटता येईल.

मला कठोर समजू नकोस. तू आई आहेस, तुला कळेल.

राग आला तरी लोभ ठेव.

तुझी,
छबू


९ मार्च

चि. सौ. छबूस,
आशीर्वाद.

काल ढग्याला नेऊन सोडला. रोपवाटिकावाल्यांनी छोटा टेम्पो पाठवला होता. मी सोबत गेले. मी बरोबर आहे म्हणून तो मजेत होता, फिरायला निघालोय असं त्याला वाटलं. तिथे त्याला पाणी ठेवलं, जुनी चादर अंथरली. निघताना मी मागे पाहिलं नाही.

आल्यावर सगळं घर पुन्हा साफ केलं. पलंगाखाली त्याची ठरलेली जागा होती तिथला शेवटचा पुंजका निघाला. आज सकाळी यंत्र फिरवलं तर डबा रिकामा. आता घरात एकही केस नाही.

दुधवाली दार वाजवून वाजवून निघून गेली म्हणे. उद्यापासून दार नुसतं लोटून ठेवीन.

भिंगरीला जप.

आई


६ एप्रिल

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तीन दिवस तुझ्याकडे राहून आलो आणि भिंगरीनं एकदाही पंप मागितला नाही! येताना गाणी म्हणत आली. तुझे उपकार कसे फेडू? तू काय सोडलंस ते मला समजतं. मी बोलून दाखवत नाही इतकंच.

तुझी मात्र काळजी वाटली. वाळली आहेस. चपलांचे तळ झिजून कागद झालेत. नव्या आणल्या आहेत त्या वापर, कपाटात पुजून ठेवू नकोस. रोज संध्याकाळी लांब फिरायला जातेस असं शिंपीणबाई म्हणाल्या, ते छानच आहे. पण दार उघडं टाकून जातेस, हे छान नाही. पोचलो तेव्हा तू स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होतीस. भिंगरीनं चार हाका मारल्या, दूध उतू जाऊन शेगडी विझली, तरी तुझी तंद्री मोडेना. एवढा कसला विचार करत होतीस?

भिंगरी रोज विचारते, ढग्या कसा आहे. तू जाऊन आलीस का? दोन ओळी लिही, म्हणजे तिला वाचून दाखवीन.

तुझ्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
छबू


२४ एप्रिल

चि. सौ. छबूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. संध्याकाळी पाय इतके भरून येतात की टेबलाशी बसवत नाही. नव्या चपला छान आहेत. कालव्याच्या रस्त्यानं वीटभट्टीपर्यंत जाते आणि परत येते. कधी त्याही पुढे. तिथली माणसं आता ओळखतात. एक ट्रकवाला तर म्हणाला, आजी, रोज इथे काय मोजायला येता?

दाराचं म्हणशील तर उन्हाळा आहे, हवा येते. माझ्या घरातून कोण काय नेणार? नेण्यासारखं होतं ते गेलं.

भिंगरीला सांग, ढग्याला आता मोकळी जागा भरपूर आहे.

शिंपीणबाईंनी भिंगरीसाठी झबल्यासारखा फ्रॉक शिवलाय. मी त्यांना म्हटलं, अहो, ती आठ वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, मग बाहुलीला घाला. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तब्येतीला जप. मी बरी आहे.

तुझी,
आई


१९ मे

सौ. छबूताईंना वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं पोटात घाला. काल फोनवर मी तुम्हाला आईंचा हात मोडल्याचं सांगितलं, पण त्या शेजारीच बसल्या होत्या आणि माझ्या ओठांकडे बघत होत्या, म्हणून पुढचं सांगता आलं नाही. तुम्ही शनिवारी येताच आहात, तर येण्याआधी माहीत असलेलं बरं.

फोनवर म्हटलं तशा त्या भाजी आणायला गेल्या नव्हत्या. वीटभट्टीच्या वळणावर होत्या. मागून एक टेम्पो रिव्हर्स घेत येत होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता, माणसं ओरडली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. धक्का लागून पडल्या. मनगट मोडलं आणि कपाळाला चार टाके पडले. दैव बलवत्तर म्हणून एवढ्यावर निभावलं.

ताई, तुमच्या आईंना ऐकू येत नाही. आज नाही, तीन वर्षं झाली. डावा कान तर गेलाच आहे, उजव्यात थोडं उरलंय. समोर बसून बोललात की ओठांवरून सगळं ओळखतात, म्हणून तुम्हाला कळलं नसेल. तुम्हाला सांगू नका म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते मी आज मोडते आहे.

आजवर त्यांचे कान म्हणजे ढग्या होता. दारावर कुणी आलं की हा त्यांच्या गुडघ्याला नाक लावून दाराकडे जायचा. दूध वर आलं की पायावर पंजा ठेवायचा. रस्त्यात मागून गाडी आली की आडवा उभा राहून अंगावर रेलायचा, पाऊल टाकू द्यायचा नाही. मी वरून सगळं बघायची. तो गेल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. मी त्यांना म्हटलं होतं, लेकीला खरं सांगा, कुत्र्याला पाठवू नका. त्या म्हणाल्या, नात आधी.

लहान तोंडी मोठा घास घेतला. राग नसावा.

शिंपीणबाई


१६ जून

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पंधरा दिवस तुझ्याजवळ राहिले, तुझी वेणी घातली, औषधं दिली, आणि जे बोलायचं होतं ते बोलले नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस आणि माझं तोंड उघडायचं नाही. म्हणून लिहिते.

घरी परत आले त्याच आठवड्यात भिंगरीला पुन्हा अटॅक आला. ढग्याला ती चार महिन्यांत भेटली नव्हती, या वेळी तुझ्या घरीही आली नव्हती. या वेळी नवे डॉक्टर मिळाले. त्यांनी विचारलं, ही झोपते कुठे? त्यांच्या सांगण्यावरून तिच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून ओढलं. आई, मागची सगळी भिंत काळी होती. ओल आणि बुरशी, छतापर्यंत. पलीकडच्या न्हाणीघराची नळी दोन वर्षं झिरपत असणार. मग तपासण्या केल्या. कुत्र्याचा तिला काही त्रास नाही, त्रास आहे तो बुरशीचा. नंतरच्या दोन्ही वेळा माझ्याच घरी तिची छाती भरली होती. पहिल्यांदा तुझ्या दिवाणावर तिला धाप लागली तीही त्या भिंतीपाशी पंधरा दिवस सर्दीत झोपून आल्यावर. मी तुझ्या दिवाणाच्या फटी तपासत बसले, आणि स्वतःच्या घरातलं एक कपाट हलवून पाहिलं नाही.

रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी मी रोपवाटिकेत गेले. ठरवलं होतं, ढग्याला गाडीत घालून तडक तुझ्या दारात उभं राहायचं. काकांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाले, तुला आईनं सांगितलं नाही का?

तिसऱ्या दिवशीच तो कुंपणावरून उडी मारून गेला. ११ मार्चला. काकांनी त्याच संध्याकाळी येऊन तुला सांगितलं, आणि तू त्यांना हात जोडून म्हणालीस की छबूला कळू देऊ नका, ती मनाला लावून घेईल. मी घरी आले आणि तुझी पत्रं पुन्हा काढून बसले. कालव्याचा रस्ता, वीटभट्टी. रोपवाटिकेतून आपल्या घराकडे यायची तीच वाट. दार का लोटलेलं असायचं. चपला का झिजल्या. ‘मोकळी जागा भरपूर आहे’ हे मी भिंगरीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि ती टाळ्या वाजवत होती.

‘आवाज म्हणून नाही त्याला’, हेही तूच लिहिलं होतंस. ते यंत्र दुकानात चालवून दाखवलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते. तुझी ओळ वाचून मी हसले आणि पत्र घडी घालून ठेवून दिलं.

तुझ्यापुढे मी ढग्या आणि भिंगरी अशा दोघांना उभं केलं आणि निवड म्हणाले. कुठल्या तोंडानं क्षमा मागू? मागत नाही. दर रविवारी येते आहे. चिठ्ठ्या छापून घेतल्यात, कालव्यापासून बसथांब्यापर्यंत लावीन, दूधवाले, ट्रकवाले, सगळ्यांना विचारीन. तो मिळेपर्यंत.

लोभ मागायचा मला हक्क नाही.

छबू


३ ऑगस्ट

चि. सौ. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मनगटाचं प्लास्टर निघालं, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. शिंपीणबाईंनी मला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या कानात यंत्र बसवलंय. पहिला दिवस वैतागाचा गेला. आपण चहा पिताना इतका आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. तुझे बाबा सत्तावीस वर्षं गप्प कसे बसले! काल तुझ्याशी फोनवर बोलले, पण पाच मिनिटांत दोघीही रडायला लागलो आणि कामाचं राहूनच गेलं. ते आता कागदावर.

मी तुझ्यावर रागावले होते. खोटं कशाला सांगू? ‘तूच ठरव’ असं लिहून तू मोकळी झालीस याचा राग आला होता. पण राग कुणावर काढणार? म्हणून चालत सुटले. तो वाटेत कुठे भेटेल असं रोज वाटायचं. त्याला घर माहीत होतं, वाट तेवढी माहीत नव्हती. टेम्पोतून नेलं ना.

आणि माझंही चुकलं, ते तुझ्या चुकीत मिसळून लपवणार नाही. ऐकू येत नाही हे तुला कळलं असतं, तर तू मला इथून हलवलं असतंस. या घरातून मला जायचं नव्हतं. म्हणून तुझा फोन टाळला, टेलिफोन एक्स्चेंजच्या गोष्टी सांगितल्या. मी एक ओळ लिहिली असती, छबू, हा कुत्रा माझे कान आहे, तर तू त्याला पाठवायला सांगितलं असतंस का? नसतंस. मला ठाऊक होतं की नसतंस. तरी लिहिली नाही. माझी अब्रू राहावी म्हणून त्या मुक्या जिवाला घराबाहेर काढला. तू अजाणता केलंस. मी जाणून केलं.

आता ऐक. गेल्या रविवारी तू चिखलात भिजत आलीस, एक कप चहा उभ्यानं प्यालीस आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन निघून गेलीस. संध्याकाळी परत आलीस तेव्हा बस पकडायची घाई. सात रविवार झाले, तू अशीच येतेस. भिंगरीला आणत नाहीस, कारण तिला काय सांगायचं ते तुला सुचत नाही. तिला मी सांगीन. आजीनं चूक केली आणि ढग्या हरवला, असं सरळ सांगीन. ती रडेल. आपण तिघी रडू.

तो दहा वर्षांचा होत आला होता, छबू. पाच महिने झाले. कालव्यापलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या माणसानं मला काही सांगितलंय, मार्च महिन्यातलं, पांढऱ्या कुत्र्याचं. मी त्याला जास्त विचारलं नाही आणि तूही विचारायला जाऊ नकोस. मी आता त्या रस्त्यानं जात नाही.

या रविवारी शोधायला येऊ नकोस. नुसतीच ये. लेकीला घेऊन ये, आणि दिवसभर बस.

वाट पाहते.

तुझी,
आई